तुम्ही विचारलेत म्हणून: जॉन अ‍ॅडम्स यांचेच नाव का?

अमेरिकेच्या संस्थापकांचा विषय निघाला की, वॉशिंग्टन आणि जेफरसन यांच्यासारखी माणसे असताना मी सारखे वकील आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्स यांचेच नाव का घेतो, असे वकिलांच्या बार रूममध्ये मला अनेकदा विचारले जाते. काल तुम्हीही विचारलेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

५ मार्च १७७० च्या संध्याकाळी, तेव्हा ब्रिटिश अंमलाखाली असलेल्या बॉस्टनच्या किंग स्ट्रीटवर, बर्फाचे गोळे आणि दांडकी फेकणाऱ्या जमावावर ब्रिटिश शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि त्यात पाच माणसे दगावली. दुसऱ्याच दिवशी एक व्यापारी डोळ्यांत पाणी आणून अ‍ॅडम्स यांच्याकडे आला आणि त्या शिपायांचे अधिकारी कॅप्टन प्रेस्टन यांचे वकीलपत्र घेण्याची विनंती करू लागला, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. दुसरे वकील जोसाया क्विन्सी तयार होते, पण अ‍ॅडम्स सोबत असतील तरच. शेतकरी बापाच्या या चौतीस वर्षांच्या मुलाने होकार दिला. त्याच खटल्यात क्विन्सी यांचे सख्खे भाऊ सॅम्युएल सरकारी बाजूने उभे होते, यावरून शहराची अवस्था लक्षात यावी.

प्रेस्टन ऑक्टोबरमध्ये निर्दोष सुटले. त्यानंतर आठ शिपायांचा खटला चालला. जखमी पॅट्रिक कार याने मरण्यापूर्वी डॉक्टरांना सांगितले होते की शिपायांनी स्वसंरक्षणासाठी गोळ्या झाडल्या आणि आपल्या मनात मारणाऱ्याविषयी राग नाही. गोळी लागलेल्या माणसाचाच हा मृत्युपूर्व जबाब बचावाच्या फार कामी आला. वस्तुस्थिती हट्टी असते, आपल्या इच्छेने ती बदलत नाही, असे अ‍ॅडम्स यांनी ज्युरीला बजावले. सहा जण सुटले. दोघांवर सदोष मनुष्यवध शाबीत झाला, पण एका जुन्या सवलतीमुळे त्यांची फाशी टळली आणि अंगठ्यावर डाग देऊन त्यांना सोडण्यात आले. याच युक्तिवादात जमावाचे वर्णन करताना कृष्णवर्णीय आणि आयरिश लोकांविषयी त्यांनी वापरलेले तुच्छतेचे शब्द मात्र मला आजही बोचतात.

हे वकीलपत्र हाती असतानाच, जून १७७० मध्ये, बॉस्टनकरांनी त्यांना मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळावर निवडून दिले. पुढे १७८० च्या मॅसॅच्युसेट्स राज्यघटनेचा मसुदा त्यांनी लिहिला आणि राज्य माणसांचे नसून कायद्याचे असावे, हे तत्त्व तिच्यात आले. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मात्र त्यांनी १७९८ मध्ये सरकारविरोधी लिखाणाला तुरुंगवास ठरवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि मॅथ्यू लायन या संसद सदस्याला चार महिने कोठडीत काढावे लागले. ज्या वकिलाने द्वेषाच्या लाटेत आरोपीची बाजू मांडली, त्याच्याच हातून हे घडावे याचे मला दुःख होते आणि त्याबद्दल मी त्यांना माफ करू शकलेलो नाही.

तरीही मी त्यांचे नाव घेतो, ते गोळीबाराला तीन वर्षे झाली त्या दिवशीच्या रोजनिशीतील नोंदीमुळे. त्या बचावाची फार किंमत मोजावी लागली तरी आपण देशाची केलेली ती एक उत्तम सेवा होती, असे सांगून ते लिहितात की त्या शिपायांना फाशी झाली असती, तर पूर्वी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना आणि चेटकिणी ठरवलेल्यांना दिलेल्या फाशीइतकाच काळा डाग या देशाला लागला असता.