रजिस्टरचा सराव: जोडाच्या आसपास

सध्या माझा सगळा रियाज एकाच जागेभोवती चालू आहे: चेस्ट व्हॉइस (खालचा भरीव आवाज) सुटतो आणि हेड व्हॉइस (वरचा हलका आवाज) लागतो ती, म्हणजे जोडाची, जागा. गळा बाईचा असो की पुरुषाचा, ती बहुधा ३०० ते ३५० हर्ट्‌झच्या आसपास सापडते. ट्यूनर ॲप समोर ठेवून पाहिलं, माझी ३३० च्या जवळ आहे.

नव्याने शिकणाऱ्यांनी आधी एक गोष्ट वेगळी करून घ्यावी. मंद्र, मध्य, तार ही सुराची उंची झाली. रजिस्टर म्हणजे तो सूर काढताना स्वरतंतू कसे कंप पावतात ते. म्हणूनच जोडाजवळचे काही सूर दोन्ही रजिस्टरमध्ये गाता येतात, आणि हे स्वतःच्या गळ्यात ऐकणं मला फार मोलाचं वाटतं. चेस्टमध्ये तंतू जाड राहतात आणि पूर्ण जाडीने एकमेकांवर मिटतात; हेडमध्ये ते ताणून पातळ होतात, कंप मुख्यतः कडांना असतो. छातीत किंवा डोक्यात जाणवते ती फक्त थरथर, आवाज तिथे तयार होत नाही. रजिस्टर घडतं स्वरयंत्रात, हे गायनगुरू मान्युएल गार्सिया यांनी १८४० च्या दशकातच मांडलं होतं. पुढे त्यांनी छोट्या आरशाने गाताना स्वतःचे तंतू पाहिले.

आता प्रगती. खालून वर जाताना चेस्ट बराच वेळ सुटत नाही आणि मग आवाज एकदम चिरकतो. वरून उतरताना मात्र हेड जोडाच्याही खालपर्यंत टिकतो. दोन्ही दिशांना बदल एकाच सुरावर होत नाही! म्हणून हल्ली मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) वरूनच सुरू करते, 'ऊ' वर, हळू आवाजात. ओठ फुरफुरवत केली तर आणखी सोपी जाते, कारण तोंड अर्धवट बंद असलं की तंतूंवरचा भार हलका होतो. चढताना जोडाच्या दोन-तीन सूर आधीच जोर कमी करते. 'ऊ' आणि 'ओ' वर जोड आता जवळपास ऐकू येत नाही. 'आ' वर अजून येतो. उघड्या स्वरावर चेस्ट वर खेचायची ओढ जास्त असते.

पुढचं काम: जोडाजवळचा एकच सूर धरून बारीक सुरुवात, हळूहळू भरीव, पुन्हा बारीक. घशात ओढ जाणवली की तिथेच थांबते.