इट इज रेनिंग

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे पत्र आले आणि शाळेच्या आठवणी दाटून आल्या. पण लिहायला बसल्यावर इंग्रजीच्या बाईंखेरीज दुसरे काही सुचेना.

आठवीत असताना, जुलैमधल्या एका दुपारी, मी निबंधात ‘रेन इज कमिंग’ असे लिहिले होते. बाईंनी ते खोडले नाही. साऱ्या वर्गाला त्यांनी पश्चिमेच्या व्हरांड्यात नेऊन पागोळ्यांसमोर उभे केले आणि म्हणाल्या, “मराठीत पाऊस स्वतः येतो, लागतो, कोसळतो. इंग्रजीत म्हणायचे, ‘इट इज रेनिंग’.” हे ‘इट’ म्हणजे कोण, असे मी विचारले. “कोणी नाही. तिथे कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून हा शब्द ती धरून बसतो,” असे त्यांनी सांगितले आणि व्याकरण मला त्या क्षणी प्रथमच आवडले.

मग पाऊस पालटेल तसे शब्द येत गेले. भुरभुर म्हणजे ‘ड्रिझल’, अचानक येऊन ओसरणारी सर म्हणजे ‘शॉवर’, धो धो कोसळला की ‘डाउनपोर’. पाऊस ‘बिग’ नव्हे, ‘हेवी’. वारा मात्र ‘स्ट्राँग’. ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हा मांजरे-कुत्र्यांचा वाक्प्रचार बाई निबंधात चालवून घेत नसत. ‘इट इज पोअरिंग’ पुरेसे आहे, हे त्यांचे मत मला आजही पूर्णपणे पटते.

आज मी हवामानाच्या इंग्रजी इशाऱ्यांचे मराठी भाषांतर करतो. तिथे ‘हेवी’ म्हणजे 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर, असा शब्दाशब्दाला आकडा बांधलेला आहे. 204.4 मिलिमीटरच्या वर मात्र ‘एक्स्ट्रीमली हेवी’ हा एकच शब्द उरतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला झालेल्या 944 मिलिमीटर पावसालाही आजच्या वर्गवारीत तोच लावावा लागेल. अशा वेळी बाईंचा सल्ला घ्यावासा वाटतो, पण त्या आता नाहीत.

गेल्या पावसाळ्यात शाळेत आलो, तेव्हा कौले जाऊन स्लॅब आला होता. आठवीच्या वर्गात काही वेळ बसलो. बाहेर पाऊस चालू आहे की उघडीप झाली आहे, हे आता आवाजावरून कळत नाही. खिडकीशी जाऊन पाहिले, तर ‘ड्रिझल’ होते.