पंचवीस मीटरवरची उभी रेघ

पोलिसांच्या चांदमारीवर, म्हणजे मी नेमबाजी शिकवतो त्या मैदानावर, एक वाक्य दरवर्षी ऐकू येतं. "साहेब, दहा मीटरला बसतात, पंचवीसला गोळी खाली पडते." म्हणणारा बदलतो, वाक्य बदलत नाही. यंदा एका हवालदाराच्या टार्गेटच्या कागदानं त्या वाक्याची चांगलीच उलटतपासणी केली. तो कागद डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी गोळीवरचा आळ काढून टाकू. ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगानं नळीबाहेर पडते. २५ मीटर कापायला तिला सेकंदाचा चौदावा भागही पुरतो. तेवढ्या वेळात ती खाली येते जेमतेम अडीच सेंटीमीटर, आणि १० मीटरला अर्धा सेंटीमीटरही नाही. म्हणजे सगळा फरक बोटभर. कागदावर भोक वीतभर खाली असेल, तर गुरुत्वाकर्षणाला मध्ये ओढू नये.

खरा हिशेब कोनाचा आहे. आमच्याकडचं ईशापूरच्या कारखान्याचं ९ मिलिमीटर पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घडणीचं. नेम धरायच्या त्याच्या मागच्या खाचेपासून नळीच्या टोकावरच्या फोरसाईटपर्यंतचं, म्हणजे माशीपर्यंतचं, अंतर १६ सेंटीमीटरच्या आसपास. फोरसाईट खाचेत एक मिलिमीटर वरखाली झाली तर ७ मीटरवर गोळी साडेचार सेंटीमीटर सरकते, १० मीटरवर सव्वासहा, १५ वर साडेनऊ आणि २५ वर साडेपंधरा. चूक एकच, अंतर फक्त ती मोठी करून दाखवतं. म्हणून सराव ७ मीटरपासून, तोही कोऱ्या कागदावर. काळा गोल नसला की नजर आपोआप फोरसाईटवर राहते. पाच गोळ्या तळहाताखाली झाकल्या जात नाहीत, तोवर मागं सरकायचं नाही. आणि २५ मीटरचं झालं की परत १० वर येऊन पाच गोळ्या मारायच्या. हात थकला की सवय बिघडली, ते तिथं कळतं. हे शेवटचं कुणी करत नाही, कारण सगळ्यांना जेवायची घाई.

त्याच गणितानं ग्रुपही, म्हणजे कागदावर गोळ्या पसरतात ती जागा, वाढायला हवा. १० मीटरला चार सेंटीमीटर रुंद असेल तर २५ ला दहा. हवालदाराचा कागद इथंच अडला. रुंदी बरोबर चारावरून दहावर गेली होती. उंची मात्र सहावरून पंधरावर जायच्या ऐवजी चाळीसवर. काळ्या गोलाच्या वर दोन, खाली तीन, बाकीची मधे विखुरलेली. एक उभी रेघच.

रेंज आमची बालाघाटच्या एका डोंगराच्या पायथ्याशी. एप्रिलात काळी माती भेगाळते, बटमधली, म्हणजे टार्गेटमागच्या मातीच्या बांधातली, ढेकळं सुटतात आणि आतले काळे दगड उघडे पडतात. आदल्या दिवशी बट चाळून दगड आणि जुनं शिसं काढलं नाही तर गोळी उसळून कुठं जाईल त्याचा नेम नाही. लाल झेंडा, शेळ्यांमागच्या पोरांना हाकलणं, उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांची मोजदाद हे दर खेपेचंच. बाहेरच्याला एकच गोष्ट सांगतो. एक पुंगळी कमी भरली तर अख्खी तुकडी गवतात ओणवी होते आणि ती सापडेपर्यंत गाडी हलत नाही. पितळेच्या एका नळकांडीसाठी एवढा जीव टाकणारं खातं माणसाच्या डोळ्यासाठी काय करतं, ते पुढं येईलच.

उभी रेघ बघून तिथल्या प्रत्येकाकडं निदान तयार होतं. एका अधिकाऱ्यानं लांबूनच निकाल दिला, "घाबरतो तो. आवाजाला दचकतो." दुसरा म्हणाला, वय झालं. दचकण्याचं निदान सोपं असतं, म्हणूनच ते सगळ्यात जास्त वापरलं जातं. पण उजव्या हाताचा माणूस दचकला की गोळ्या खाली आणि डावीकडं जातात. याच्या वरही जात होत्या, आणि डावीकडं सरकायचं तर नावच नव्हतं.

तरी एकेक गोष्ट तपासून बाद करायची, हा शिरस्ता. पहिली शंका पिस्तुलावर. आर्मोररनं, म्हणजे शस्त्रं सांभाळणाऱ्या कारागिरानं, तेच पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकून २५ मीटरवरून पाच गोळ्या मारल्या. टेकवायची मनगटं आणि मुठीचा तळ. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, किंवा नळी पिशवीला लागली की चाचणी वाया, कारण स्लाइडची चाल अडते आणि गोळी वेगळी जाते. पाचही तळहाताएवढ्या जागेत. पिस्तूल निर्दोष.

मग फोरसाईटची चकाकी. घासून घासून तिच्या कडेचा काळा मुलामा उडतो, उन्हात ती कड लखलखते आणि डोळा त्या उजेडालाच टोक समजतो. यावर आर्मोररचा जुना उपाय कापूर. पिस्तूल रिकामं करून, दोनदा तपासून, पेटत्या कापराच्या धुरावर फोरसाईट क्षणभर धरायची. मखमलीसारखी काळी काजळी बसते, आणि काम झालं की कापडानं निघते. तेही केलं. रेघ उभीच.

तिसरी चाचणी ट्रिगरची. स्लाइडवर रुपयाचं नाणं ठेवून रिकामं पिस्तूल चालवायला लावलं. या पिस्तुलात मॅगझिन नसेल तर ट्रिगर दाबून घोडा पडत नाही, म्हणून रिकामं मॅगझिन आत लागतं. नव्या पोरांना हे माहीत नसतं आणि ती पिस्तूल बिघडलं म्हणून आर्मोररकडं धाव घेतात. नाणं पडलं नाही. मग मॅगझिन दुसऱ्यानं भरून दिलं, जिवंत काडतुसांमध्ये न उडणारी ड्रिल काडतुसं मिसळून, कुठं काय आहे ते हवालदाराला कळू न देता. दचकणारा इथं हमखास सापडतो. घोडा नुसता टक् करून पडतो आणि नळी तरी खाली झुकते. याची नळी जागची हलली नाही. वीस-बावीस वर्षांचे शिपाई या चाचणीत नळी झुकवतात, आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस दगडासारखा उभा होता. दचकण्याचा सिद्धांत मांडणारे अधिकारी तोवर सावलीत जाऊन बसले होते.

आता राहिली शेवटची शंका, पंचवीसची धास्ती. हे अंतर ऐकूनच काही जणांचे खांदे कानाला लागतात. ती तपासायची युक्ती साधी आहे आणि कुठल्याही रेंजवर करता येते. आंतरराष्ट्रीय सामन्यांत २५ मीटर पिस्तूलच्या अचूक माऱ्याच्या कागदावर काळा गोल २० सेंटीमीटरचा असतो आणि त्यातलं दहाचं वर्तुळ ५ सेंटीमीटरचं. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, त्या प्रकाराचा पहिला अर्धा भाग याच कागदावर होतो. कोऱ्या कागदाचा सराव सोडला तर आम्ही हाच गोल सगळ्या अंतरांना लावतो. १० मीटरवर ८ सेंटीमीटरचा गोल चिकटवला की डोळ्याला तो २५ मीटरवरच्या वीसाएवढाच दिसतो. अंतर जवळचं, चित्र लांबचं.

कार्बन पेपरचा ८ सेंटीमीटरचा गोल कापून १० मीटरवर चिकटवला. तोच माणूस, तेच पिस्तूल, त्याच जागी काही वेळापूर्वी सहा सेंटीमीटरचा ग्रुप लावून गेलेला. आता पुन्हा उभी रेघ, सोळा सेंटीमीटरची. चाळीसला अडीचनं भागा, सोळाच येतात. म्हणजे धास्तीही नाही. बिघाड त्या लहान दिसणाऱ्या काळ्या गोलात होता.

फायरिंग लाइनच्या सरळ रेषेत, बाजूला उभं राहून त्याच्याकडं नुसतं बघत राहिल्यावर हनुवटी दिसली. मोठ्या गोलावर नेम धरताना ती वर उचललेली. लहान गोलाला कधी वर, कधी खाली, आणि ट्रिगर दाबायच्या आधी एकदा हललेलीच. नाकावर दोन भागांचा चष्मा, खालच्या भिंगाची आडवी रेघ लांबूनही दिसणारी.

विचारल्यावर म्हणाला, "उस्ताद, हनुवटी वर केली की माशी झकास दिसती, पण ते काळं पुसून जायलंय. मान खाली घातली की काळं दिसतंय, माशी दिसंना."

"मग हे आधी सांगायचं ना."

"डोळ्याचं सांगितलं की मेडिकलला धाडतेत. मग बसा फेऱ्या मारत."

खालचं भिंग वाचायचं. त्यातून हातभर लांबची फोरसाईट बऱ्यापैकी स्वच्छ दिसते, पण लांबचं सगळं धुरकट. गोल मोठा असेल तोवर धुरकट असला तरी चालतो. लहान झाला की तो त्या धुरकटपणात विरतो. मग माणूस मान खाली घालून वरच्या भिंगातून बघतो, तेव्हा गोल ठळक आणि फोरसाईटचा माथा पुसट. डावी-उजवीकडच्या फटी पुसट दिसल्या तरी सारख्याच पुसट असतात, म्हणून मधोमध धरणं जमतं. वरची कड मात्र काळ्या गोलात मिसळते, आणि ती खाचेच्या बरोबरीत आहे की मिलिमीटरभर वर, हे कळायला मार्ग राहत नाही. रेघ उभी का आणि रुंदी शाबूत का, याचं उत्तर हे.

खात्रीसाठी जाड कागदाच्या तुकड्याला दाभणाचं टोक टोचून दीड मिलिमीटरचं भोक पाडलं आणि चष्म्याच्या उजव्या काचेवर, वरच्या भागात, इन्सुलेशन टेपनं चिकटवलं. लहान भोकातून बघितलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही रेखीव दिसतं, नेमबाजांच्या चष्म्यावरची छोटी पडदी हेच काम करते. भोक बाहुलीसमोर यायला टेप दोन-तीनदा सरकवावी लागते. मान नेमाला असते तशी धरूनच ते करायचं, सरळ उभं राहून नाही. मग २५ मीटरवर वीसचा गोल. पाच गोळ्या, उंची चौदा सेंटीमीटर, सगळ्या काळ्यात. हवालदार कागदाजवळ जाऊन भोकांवरून बोट फिरवत राहिला आणि मागं थांबलेल्या पुढच्या फळीतून कुणीतरी, "पाहुणे, परत या, पुढचा डिटेल उभा राहायलाय," म्हणून ओरडलं.

डोळ्याच्या तपासणीत सहा मीटरवरचा तक्ता वाचायला लावतात आणि हातात छापील कागद देतात. पहिल्यावर लांबचा नंबर, दुसऱ्यावर वाचायचा. फोरसाईट असते डोळ्यापासून ७० सेंटीमीटरच्या आसपास, या दोन्हींच्या मधे. पोलिसाच्या कमरेला पिस्तूल आहे हे ठाऊक असूनही त्या मधल्या अंतराला त्याला काय दिसतं, हे कुणी विचारत नाही. चाळिशी उलटली की जवळच्या वस्तूवर नजर बसवायची डोळ्याची ताकद कमी होत जाते, सगळ्यांचीच. आमच्या शेऱ्यांत त्याचं रूपांतर 'नेमबाजी असमाधानकारक' असं होतं. ठाणे अंमलदारीत रात्र रात्र डायरी लिहून ज्यानं हा चष्मा कमावला, त्यालाच तो नडतो.

उपाय महाग नाही. नेम धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं टेपनं डोळ्यापासून फोरसाईटपर्यंतचं अंतर मोजायचं आणि तो आकडा नेत्रतज्ज्ञाला द्यायचा. बहुतेकांना नेमाच्या डोळ्यासाठी लांबच्या नंबरात अर्धा ते पाऊण वाढवलेलं, एकाच नंबरचं साधं भिंग पुरतं. फोरसाईट रेखीव आणि गोल किंचित मऊ, पण जागेवर. हवालदाराचं अंतर ७१ सेंटीमीटर भरलं आणि त्यानं तसा चष्मा करून घेतला. स्वतःच्या खर्चानं, हे वेगळं सांगायला नको.

गाडं अडलंय पुढंच. चष्मा घेऊन आल्यावर त्यानं विचारलं, "उस्ताद, रातच्या गस्तीला यातला कोणता घालू?" नव्या चष्म्यानं कागद वाचता येत नाही, लांबच्या गाडीचा नंबर नीट दिसत नाही. गस्तीला जुनाच लागणार. सहा-सात मीटरवर पुसट फोरसाईटही चालून जाते, अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीला तिथं सव्वादोन सेंटीमीटरच मोजावे लागतात. मी त्याला तेच सांगितलं, शिवाय गस्तीचा चष्मा लावून ७ मीटरचा सराव वेगळा करायला लावला. पण मग २५ मीटरचे गुण आम्ही नेमके कशाचे देतो? त्या चष्म्याचे, जो कामावर त्याच्या नाकावर नसणार. आणि गुण जुन्या चष्म्यावर द्यायचे तर चांगल्या हाताच्या माणसाला नापास करायचं. वरिष्ठांपुढं विषय काढला तेव्हा, "चष्म्याचं लफडं कशाला वाढवता," एवढंच उत्तर आलं.

पुढच्या खेपेला चाळिशीपुढच्या सगळ्यांना आधी १० मीटरवर आठचा गोल देणार आहे. ज्याची रेघ उभी येईल त्याचा चष्मा बघायचा, शेरा त्यानंतर. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही, कार्बन पेपर आर्मरीत पडूनच असतो.