तुम्ही विचारलंत म्हणून: रतिबाचं ॲप विकत का झालं

"फुकट होतं ते बरं चाललं होतं की! पैसे लावायचेच होते तर त्याच ॲपला लावायचे." दुधाच्या रतिबाचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्या ॲपबद्दल परवा लग्नाच्या पंगतीतसुद्धा हेच ऐकलं, म्हणून आता एकदाच लिहितो.

त्याच ॲपला लावता येत नाहीत. गूगल प्लेवर एकदा फुकट दिलेलं ॲप पुन्हा विकत करता येत नाही. विकतचं फुकट मात्र करता येतं. त्यामुळे नवं पॅकेज नाव (दुकानात ॲप ज्यावरून ओळखलं जातं ते), नवं ॲप, आणि जुने तारे-शेरे मागेच. नियम लपवलेला नव्हता. मीच वाचला नव्हता.

खरी चूक पुढची. जुन्या ॲपच्या अपडेटमध्ये मी सूचना टाकली: 'नवीन ॲप घ्या. हे काढून टाका.' हिशेबाची फाईल आधी बाहेर काढा, हे त्याखाली, बारीक अक्षरात. आमच्या भागातल्या दूधवाल्या मामांनी पहिल्याच दिवशी १४९ रुपये भरले, घासाघीस न करता, आणि सांगितल्याप्रमाणे जुनं काढून टाकलं. नवं उघडलं तर कोरं. अँड्रॉइडवर एका ॲपची माहिती दुसऱ्याला दिसत नाही, आणि ॲप काढलं की तीही जाते. लोकांच्या उधाऱ्या माझ्या सर्व्हरवर नकोत, असा माझा तेव्हाचा ताठा. त्यामुळे माझ्याकडेही काही नव्हतं.

साठ घरं. तीन संध्याकाळी मी मामांच्या मागे दारोदार हिंडलो. बऱ्याच स्वयंपाकघरांत कालनिर्णयावर खाडे लिहिलेले होते, ते उतरवून घेतले. एका वहिनींनी भिंत दाखवली. चौकोन कोरे. "तुमचं ॲप आल्यापासून मी लिहायचंच सोडलं," म्हणाल्या. तिथे मामांनी अंदाजाने आकडा सांगितला, आणि तो कमीच सांगितला, हे मला कळत होतं. जिना उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, "लांबडी वही कितीला मिळते रे आता?"

आता पैशांचं. दरवर्षी नव्या अँड्रॉइडसाठी ॲप जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर नव्या फोनवाल्यांना ते दुकानात दिसतही नाही. त्या रात्री माझ्या जातात. जाहिराती लावून पाहिल्या. दुधाच्या हिशेबाखाली रमीची जाहिरात बघून माझी मलाच लाज वाटली. १४९ मधले १५ टक्के गूगलचे, करही आहेच. बंगला बांधलेला नाही.

"ॲप फुकट ठेवून त्यातल्या सोयींना पैसे, अशी आतल्या आत खरेदी ठेवायची होती, जुनं ॲप तसंच राहिलं असतं," असं जाणकार सांगतात. ठेवता आली असती. पण दिलेल्या वस्तूला मागाहून कुलूप घालून किल्ली विकणं मला लबाडी वाटत होती. नवं दुकान थाटणं सरळ वाटलं. मामांच्या साठ घरांनंतर तो सरळपणा महागाचा वाटतो. तरी कुलपाचं अजूनही पटत नाही.

जुनं ॲप मी दुकानातून उतरवलेलं नाही. पहिल्या वर्षी मीच लिहिलेलं 'कायम मोफत' त्याच्या वर्णनात अजून तसंच आहे.