भरतीवर चालणारी माणसं

आमच्या रविवारच्या बैठकीत कल्पित भाषांवरच इतकं बोलणं व्हायचं की मी कल्पनेने रचलेल्या खाडीकाठच्या लोकांचं जेवणखाण, लग्नकार्य, सुतक सगळं मागे पडायचं. म्हणून अशा कल्पित संस्कृती रचणाऱ्या आम्ही चौघांनी आता शनिवारची संध्याकाळ वेगळी धरली आहे, ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर.

माझी माणसं मला ऐरोलीच्या खाडीकाठी सुचली. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणून त्यांची जेवणाची वेळही रोज सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला लग्नं. अष्टमीच्या भांगाला, पाणी फारसं चढत-उतरत नाही तेव्हा, भांडणं मिटवायची. काल आमच्यातल्या एकीने विचारलं, "ओहोटीत कुणी गेलं तर नेतात कुठे?" रात्रभर तेच डोक्यात. तिवरांच्या चिखलात पाय रुतवत चाललेली तिरडी दिसते. खांदेकरी चार की सहा, ते अजून ठरत नाहीये.