चेकसम जुळत होता, बोर्ड मात्र चालत नव्हता

गेल्या पावसाळ्यात भांडुपच्या एका कारखान्यातून पॅकिंग मशीनचा बोर्ड दुरुस्तीला आला. झेड-८० ए प्रोसेसर, ४ मेगाहर्ट्झ. ईप्रॉम (प्रोग्राम साठवणारी मेमरी चिप) दगा देऊ लागली होती, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून २७३२ नंबरची नवी ईप्रॉम आणून तिच्यात प्रोग्राम भरला. बोर्ड सुरू केला की लगेच हँग.

प्रोसेसर काढून सॉकेटात एम्युलेटरचा, म्हणजे प्रोसेसरची जागा घेऊन त्याचं प्रत्येक पाऊल दाखवणाऱ्या यंत्राचा, ४० पायांचा प्लग बसवला. मग मेमरीची वाटणी. पहिले ४ केबी एम्युलेटरच्या स्वतःच्या रॅममध्ये, फक्त वाचण्यासाठी. ८००० (हेक्स) या पत्त्यापासूनची २ केबी रॅम बोर्डावरचीच. बाकी सगळा पत्ता बंद. प्रोग्राम तिकडे फिरकला की एम्युलेटर थांबणार.

प्रोग्राम सुरळीत चालला. पहिले ४ केबी बोर्डावरच्या ईप्रॉमकडे वळवले आणि पुन्हा हँग. ट्रेसमध्ये, म्हणजे एम्युलेटरने ठेवलेल्या नोंदीत, ००३८, ००३८, ००३८ अशी पत्त्यांची रांग, मधे स्टॅकवर (परतीचे पत्ते ठेवायची रॅममधली जागा) लिहिणं, आणि शेवटी ७एफएफएफला थांबलेला एम्युलेटर. म्हणजे आदेश म्हणून एफएफ वाचला जात होता. झेड-८० साठी तो आरएसटी ३८, म्हणजे परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवून ००३८ ला उडी. दर वेळी स्टॅक दोन बाइट खाली, थेट रॅमच्या बाहेर.

पण एम्युलेटरमधून त्याच ईप्रॉमचा चेकसम (सगळे बाइट वाचून केलेली पडताळणीची बेरीज) काढला तर अचूक! या एका गोष्टीने माझे दोन दिवस खाल्ले. सॉकेट बदललं, सोल्डरिंग पुन्हा केलं.

उत्तर टायमिंगच्या आकृतीत होतं. झेड-८० आदेश उचलताना टी३ च्या, म्हणजे तिसऱ्या क्लॉकच्या, सुरुवातीलाच डेटा घेतो, साधा डेटा वाचताना अर्धा क्लॉक, म्हणजे १२५ नॅनोसेकंद, उशिरा. हिशेब मांडला: आदेशासाठी मेमरीला मिळतात सुमारे ३५५ नॅनोसेकंद, डेटासाठी ४६५. माझी चिप ४५० ची, म्हणजे उत्तर द्यायला ४५० नॅनोसेकंदांपर्यंत घेणारी. चेकसम म्हणजे नुसतं डेटा वाचणं, तिथे ती जेमतेम निभावत होती. एम्युलेटरची रॅम जलद, त्यामुळे तिथे हा दोष दिसणंच शक्य नव्हतं.

त्या भागाला एम्युलेटरमधून एक वेट स्टेट (प्रोसेसरने थांबायचा एक जादा क्लॉक) दिली, म्हणजे २५० नॅनोसेकंद जास्त. बोर्ड पळायला लागला. पण बोर्डावर वेट देणारं सर्किटच नाही, एम्युलेटर काढला की पुन्हा तेच झालं असतं. जुन्या चिपच्या खिडकीवरचा स्टिकर सोलला, तेव्हा खाली नंबर दिसला: २७३२ए, २५० ची.

दुकानात जाऊन म्हटलं, "काका, ए वालीच द्या." हिला भरताना २१ व्होल्ट लागतात, साध्या २७३२ चे २५ लावले तर चिप जाते, हे जरूर लक्षात ठेवा. वेट शून्यावर आणून तासभर चालवलं, मग प्लग काढून प्रोसेसर जागेवर बसवला.