काकूंचा प्रश्न

आज शेजारच्या काकूंना कॅन्सरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. केमोमुळे पोटात काही टिकत नाही, पेजेचा वाससुद्धा नको होतो. डॉक्टर म्हणाले, मेडिकल मारिवानाचं, म्हणजे औषधी गांजाचं, कार्ड काढून बघा. न्यू जर्सीत २०१० पासून तसा कायदा आहे. काकूंनी लगेच विचारलं, "आणि माझ्या सिटिझनशिपचं काय?"

अगदी रास्त प्रश्न! राज्य काहीही म्हणो, १९७० च्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गांजाला हेरॉइनच्या रांगेत बसवलं. २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्टच केलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाच्या वापरामुळे नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो. २०२४ मध्ये त्याला शेड्यूल ३ मध्ये, म्हणजे कमी कडक नियमांच्या यादीत, आणायचा प्रस्ताव आला, डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ते काम लवकर उरकण्याचा आदेश काढला. पण नुसती यादी बदलून दुकानातला गांजा केंद्राच्या लेखी मान्यताप्राप्त औषध होत नाही.

उलट्या थांबवायच्या की अर्ज जपायचा, हे आजारी बाईने का ठरवायचं? मला फार संताप आला.

शेवटी डॉक्टरांनी ड्रोनॅबिनॉलच्या कॅप्सूल लिहून दिल्या. गांजातलाच घटक, फक्त प्रयोगशाळेत बनवलेला आणि औषध म्हणून मंजूर झालेला, म्हणून केंद्राला चालतो. ग्रीन कार्डवाल्यांनो, गांजाचं कार्ड काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी नक्की बोला.